रजेची भिशी

उजव्या कानाला लाल, डाव्या कानाला निळा.

बेकरीवाला दिवसा झोपला की त्याला हाक मारून उपयोग नसतो.

रविवार उसना देणारी माणसं उदार नसतात.

गाडी शिकणाऱ्याने अधूनमधून आरशात बघावं. आरशात चार तोंडं दिसली तर काय करावं, हे शिकवत नाहीत.

गच्चीला बाहेरून कडी नाही, आतून आहे.

टेबलाखाली बसलेल्या माणसाचा हात टेबलाबाहेर येऊ शकतो.

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. क्रमाने सांगतो.

मी कान तपासतो. डॉक्टर नाही, कानाच्या दवाखान्यात यंत्राची बटणं फिरवणारा आहे. माणसाला आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, हातात एक बटण द्यायचं आणि काचेअलीकडून बारीकसारीक सूर सोडायचे. ऐकू आलं की तो बटण दाबतो, माझ्याकडे दिवा लागतो. दिवा नाही लागला की मी आवाज वाढवतो. बायको कवळ्या बनवते. मी कान, ती दात. आता डोळेवाला जावई मिळाला की तुमचं म्हातारपणाचं दुकान पूर्ण, असं सासरे म्हणतात. तो जावई जिच्यामुळे यायचा ती सध्या सात वर्षांची आहे आणि तिच्या बोलण्यामुळे तिला घरीदारी वकील म्हणतात.

उन्हाळ्यात शाळा मूल परत करते. परत करताना वापरायची पद्धत सोबत देत नाही. आम्हा दोघांच्या रजा म्हणजे एका माणसाची जेमतेम रजा दोन ताटांत वाढलेली. त्यामुळे सुट्टी लागली की आमचा संसार पाळ्यांत चालतो. एक आत, एक बाहेर. बायको मला दारात दिसते, किल्ली हातात देताना, आणि तेव्हाही ती चपलेत पाय शोधत असते. लग्नाआधी आम्ही याहून जास्त भेटत होतो.

वकिलाने हे टिपलं. जेवताना म्हणाली, आई असली की बाबा नसतो, बाबा असला की आई नसते, तुमचं भांडण आहे का? आम्ही दोघांनी एकदम नाही म्हटलं, जे भांडलेली माणसंच म्हणतात. मग तिने मागणी ठेवली. समुद्र नको, बाग नको, कुठे न्यायचं नाही. सुट्टीत एक दिवस दोघांनी घरी राहायचं.

"दोघांनी," ती म्हणाली. "एकाच दिवशी. पूर्ण."

मला वाटलं, स्वस्तात सुटलो. सुट्टीचा शेवटचा शुक्रवार ठरला. तिने वाराचं नाव दोघांकडून वेगवेगळं वदवून घेतलं, साक्षीदारांचं घेतात तसं.

दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्यातल्या रजा बघणाऱ्या गृहस्थांनी स्वस्ताईचा अर्थ समजावला. हे गृहस्थ फार सज्जन आहेत. ते कधीही नाही म्हणत नाहीत. ते नियम म्हणतात. शुक्रवारी रजा घेतली आणि सोमवारीही घेतली तर मधला शनिवार-रविवारही रजेतच धरला जाईल, असं त्यांनी मला मऊ आवाजात सांगितलं. मी म्हटलं, रविवारी दवाखाना बंद असतो. ते म्हणाले, तो दवाखान्याचा रविवार, हा तुमचा. मी घरी येऊन बायकोला ते समजावलं, तर तिने मलाच दोनदा विचारलं की तू त्यांच्या बाजूने आहेस का.

तेव्हा मला भिशी सुचली.

कल्पना साधी होती, आणि साध्या कल्पनांपाशीच माणसाचं घोडं पेंड खातं. आमच्या इमारतीत शाळेत जाणारी चार मुलं. आमची वकील, बेकरीवाल्याची जुळी, आणि गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईंचा मुलगा, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणतात. प्रत्येक घराने आठवड्यात एकेक दिवस टाकायचा, कल्पना माझी म्हणून आमचे दोन. ज्याचा दिवस, त्याने चारही मुलं सांभाळायची. बाकीच्यांनी कामावर जायचं. सोमवार बेकरीवाल्याचा, मंगळवार ड्रायव्हिंगबाईंचा, गुरुवार माझा, शुक्रवार बायकोचा. उरला बुधवार. तो खालच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी आपणहून घेतला. काका एकटे राहतात, वेळ भरपूर आणि ऐकायला कमी येतं. चार मुलांसाठी याहून मोठी पात्रता मला तरी सुचत नाही.

काका हे कमी ऐकू येणं मान्य करत नाहीत. त्यांच्या मते लोक हल्ली पुटपुटतात.

भिशीची बातमी फुटताच सल्ले सुरू झाले. ज्यांना मुलं नाहीत त्यांचे सल्ले लांब होते आणि ज्यांची मुलं मोठी झाली होती त्यांचे त्याहून लांब. एक म्हणाले, आमच्या वेळी मुलं आपोआप मोठी व्हायची. एका बाईंनी सांगितलं, मुलांना सकाळी दमवा, म्हणजे दुपारी झोपतात. हे त्यांनी मला सकाळी दमलेल्या अवस्थेत गाठून सांगितलं. दवाखान्यातल्या सहकाऱ्याचा सल्ला सर्वांत आखूड होता: आजारी पडा. कानाच्या दवाखान्यात आजारी पडण्याची एक अडचण आहे, ती म्हणजे तिथे डॉक्टर असतात. शिवाय सगळा दिवस फोन वाजायचा. शाळेच्या ग्रुपवर वह्यांच्या कव्हरांवरून घनघोर चर्चा चालायच्या, तो आम्ही तिन्ही घरांनी गप्प करून टाकला. एक तरी आवाज कमी.

पहिला आठवडा इतका सुरळीत गेला की मी जिन्यात भेटेल त्याला भिशीचं तत्त्व समजावू लागलो. पुढचा परिणाम बघता, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बेकरीवाला रात्री पाव भाजतो आणि दिवसा झोपतो. हे आम्हाला माहीत होतं. झोपलेला माणूसही घरात असतोच, असा आम्ही विचार केला होता. दुसऱ्या सोमवारी मुलांनी दवाखाना दवाखाना खेळायला घेतला. त्यात एकच रुग्ण मिळण्यासारखा होता. संध्याकाळी त्याची बायको कामावरून आली तेव्हा तो खाटेसकट बँडेजमध्ये होता, कपाळावर ओला रुमाल होता, आणि कोणीतरी त्याचं घड्याळ काढून 'ऑपरेशनच्या आधी' बाजूला ठेवलं होतं. तो म्हणाला की इतकी छान झोप त्याला वर्षात लागली नव्हती. पण सोडवायला वेळ लागला, भट्टी उशिरा पेटली, आणि मालकाने त्याला दोन प्रश्न विचारले, ज्यांचं खरं उत्तर देणं शक्य नव्हतं. तो हात जोडून माझ्याकडे आला. दादा, माझा सोमवार तुम्ही घ्या. मी तुम्हाला रविवार देतो.

मी घेतला. त्या क्षणी मला ते देवाणघेवाणीसारखं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात ड्रायव्हिंगबाईंना रजा मिळेना. बाई धीराच्या, त्यांनी चौघांना शिकाऊ गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं आणि शिकवणी चालू ठेवली. समोर शिकणारा एक घाबरट गृहस्थ. बाई त्याला शांतपणे सूचना देत होत्या, पण मागून चार सूचना येत होत्या आणि त्या बाईंच्या आधी येत होत्या. काका, सिग्नल. काका, दुसऱ्या बाजूचा सिग्नल. वकिलाने त्याला विचारलं म्हणे, की तुम्ही पहिल्यांदा नापास झालात तेव्हा असंच चालवत होतात का. भोंग्याने भोंगा वाजवून दाखवला. चौकाच्या मधोमध त्या गृहस्थाने गाडी बंद केली, किल्ली बाईंच्या हातात दिली, नमस्कार केला आणि चालत घरी गेला. बाईंना कंपनीने बजावलं की गाडीत पुन्हा मूल दिसलं तर तुम्ही दिसणार नाही.

बाई आल्या, डोळ्यांत पाणी. मंगळवार आमच्याकडे आला. त्यांनीही रविवार देऊ केला.

असे माझ्याकडे रविवार साठत गेले. मी गावातला सगळ्यात श्रीमंत माणूस होतो, फक्त माझं चलन जिथे चालायचं तिथे दुकान नव्हतं. सोमवार बायकोच्या, मंगळवार-गुरुवार माझ्या रजेतून जाऊ लागले. बायको म्हणाली, भिशीत शेवटी एकाच घराचं दिवाळं निघतं. ती त्या दिवसांत फार बोलत नव्हती. कवळीला दात बसवताना असतो तसा तिचा चेहरा असायचा.

शेवटच्या आठवड्यात पोहोचलो तेव्हा माझ्याकडे एक रजा होती आणि तिच्याकडे एक. दोन्ही शुक्रवारच्या. बाकी सगळं आम्ही बेकरीवाल्याच्या बायकोकडून आणि ड्रायव्हिंगबाईंकडून भांडून वसूल केलं, रविवार परत करून. त्या दोन रजांना हात लावायचा नाही, असं मी आणि बायकोने दारात, किल्ली देताघेताना ठरवलं. वकील रोज सकाळी विचारायची, आहे ना? आम्ही म्हणायचो, आहे.

राहिला बुधवार. बुधवार आमचा कधीच बिघडला नव्हता. काकांकडून मुलं शांत, हातपाय धुतलेली परत यायची. मात्र शेवटच्याआधीच्या बुधवारी चौघं पतंगाचा दोरा शोधायला गच्चीवर गेली आणि दाराची कडी आतून पडली. मुलं ओरडली. भोंगा त्यांच्यात होता हे लक्षात घ्या. समोरच्या इमारतीतले लोक बाहेर आले, रस्त्यावरचा भाजीवाला थांबला, गल्लीच्या टोकाचा न्हावी अर्धी दाढी सोडून धावत आला. गच्चीच्या बरोबर खाली, अंगणात, काका खुर्चीत बसून वाचत होते. न्हाव्याने खांद्याला हात लावला तेव्हा ते म्हणाले, आज कसं शांत शांत आहे.

आता इमारतीने पवित्रा घेतला. काकांनी कान तपासून घेतलेच पाहिजेत, नाहीतर मुलं त्यांच्याकडे नाहीत. काका संतापले. मग, का कोण जाणे, नरमले आणि म्हणाले, तपासून घेतो, पण हा तपासणार असेल तर. हा म्हणजे मी. आणि येईन तो बुधवारी, कारण बाकी दिवस मी कामात असतो. त्यांना बाकी दिवस काय काम असतं हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. माझ्या मात्र उशिरा लक्षात आलं की बुधवार त्यांचा आहे, म्हणजे मुलं त्यांच्याबरोबर येणार.

त्या बुधवारी मॅडम, म्हणजे आमच्या डॉक्टर, दुपारपर्यंत बाहेर होत्या. काका चार मुलांची रांग घेऊन आले. बाहेरच्या बाकांवर जागा नव्हती. आणि माझ्यासमोर ती खोली होती: जाड भिंती, जाड दार, एकही आवाज आत जात नाही, बाहेर येत नाही. इतकी वर्षं त्या खोलीत मी म्हातारी माणसं बसवत होतो. ती खरी कोणासाठी बांधली आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मुलांना काकांच्या खुर्चीमागे जमिनीवर बसवलं. बोलायचं नाही, हलायचं नाही. मॅडम काचेतून दिसल्याच तर बाजूच्या टेबलाखाली. त्यावरचं कापड जमिनीपर्यंत आहे. काकांच्या कानांवर हेडफोन चढवला, उजव्याला लाल, डाव्याला निळा, बाहेर आलो, सूर सोडायला लागलो.

दिवा लागला. पुन्हा लागला. मी आवाज कमी केला, तरी लागला. काचेतून खुर्चीची उंच पाठ आणि काकांचं ताठ डोकं दिसत होतं. आलेख असा सरळ आला की मी यंत्राची वायर तपासली. हे कान या वयात? मला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं आपण या माणसाशी ओरडून बोलतोय आणि खरंच पुटपुटत होतो की काय.

काका बाहेर आले. निकाल सांगितला. ते इतकंच म्हणाले, "मी सांगत होतो," आणि बाकावर जाऊन बसले. जिंकलेल्या माणसासारखे दिसले नाहीत, पण मी तेव्हा आलेखाकडे बघत होतो.

मुलं अजून आतच होती, तेवढ्यात मॅडम आल्या. वेळेआधी, आणि एका मोठ्या कार्यालयातल्या मोठ्या साहेबांना घेऊन. साहेबांना म्हणे काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तसं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळालं की त्यांना बैठकांना बसावं लागणार नव्हतं. माणूस मोठा, म्हणून मॅडम म्हणाल्या, मी स्वतः तपासते. मी काही बोलायच्या आत साहेब खोलीत जाऊन हेडफोन चढवून बसले आणि जाड दार मिटलं. काचेतून बघितलं. खुर्चीमागे कोणी नव्हतं. टेबलावरचं कापड किंचित फुगलं होतं.

त्या खोलीत एक मायक्रोफोन आहे, रुग्ण काही बोलला तर बाहेर हेडफोनमध्ये आणि स्पीकरवर ऐकू यावं म्हणून. मॅडमनी आपल्या डोक्यावर हेडफोन लावला. मी त्यांच्यामागे उभा राहिलो, कानावर हात ठेवून, जे कान तपासणाऱ्याला शोभत नाही.

मॅडमनी सूर सोडला. साहेब बसून. वाढवला. साहेब बसून. आणखी वाढवला. आता हा सूर इतका मोठा होता की हेडफोनमधून बाहेर पाझरत असणार. टेबलाच्या कापडाखालून एक छोटा हात आला आणि त्याने साहेबांची बाही दोनदा ओढली.

साहेब दचकले. खाली बघितलं. मग मायक्रोफोनमधून आमच्या वकिलाचा आवाज आला, अगदी हळू, जसा ती झोपलेल्या माणसाजवळ काढते.

"काका, वाजलं. दाबा ना."

आणि साहेब, कानांवर हेडफोन असताना, तितक्याच हळू म्हणाले,

"मला नाही दाबायचं."

मॅडमनी डोक्यावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. घाई न करता.

पुढचं फार वेळ चाललं नाही. साहेब बैठक असल्याचं आठवून निघून गेले. टेबलाखालून चार मुलं निघाली, शेवटचा भोंगा, त्याला जिवावर आलं होतं. मॅडमनी विचारलं, बाही का ओढलीस? वकील म्हणाली, आवाज झाला की आम्ही ओढतो. बेल वाजली, फोन वाजला, दूध उतू गेलं, की काकांची ओढतो. बुधवारी एकाने काकांजवळ राहायचंच असतं. गच्चीवर आम्ही सगळी एकदम गेलो, ती आमची चूक.

मला आलेख सरळ का आला ते कळलं. मी बाकाकडे बघितलं. काका आमच्याकडेच बघत होते, आणि तोंडावर असं काहीतरी होतं की त्यांना शब्द पोहोचले नव्हते पण अर्थ पोहोचला होता. मॅडम स्वतः त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांना पुन्हा आत घेतलं, एकट्याला. या वेळी दिवा बराच वेळ लागला नाही. काका अंगठा बटणावर ठेवून, मान थोडी वाकडी करून, काहीतरी येईल म्हणून वाट बघत बसले होते. मी काचेपासून बाजूला झालो.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "मशीन लावायचं तर लहानसं बघ रे. दिसलं नाही पाहिजे."

मी हो म्हटलं. दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा मोठ्याने.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. साहेबांचं प्रकरण उघडं पडलं म्हणून त्या खूश असतील अशी माझी एक बारीक आशा होती. त्या खूश होत्याही; मुलांवर. मला म्हणाल्या, तपासणीच्या खोलीत चार मुलं लपवणाऱ्या माणसाला मी आज कामावर होता असं दाखवू शकत नाही. आजची रजा लावा आणि यांना घेऊन घरी जा. मी म्हटलं, मॅडम, माझी एकच रजा आहे. त्या म्हणाल्या, मग बरं, शिल्लक आहे.

रजा बघणाऱ्या गृहस्थांनी ती मऊ हाताने कापली आणि बुधवार असल्याने रविवार वाचला, असं मला समाधान दिलं.

मी रस्त्यात बायकोला फोन केला. आपले दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला. सगळं सांगितलं, साहेब, मायक्रोफोन, काका. मग मी शुक्रवारचं सांगितलं. आता वकिलाला कसं सांगायचं, असं विचारलं. पलीकडे कवळी घासायच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग तिने यंत्र बंद केलं.

"म्हणजे तू आत्ता घरी चाललायस?" ती म्हणाली.

"हो."

"दिवसभर आहेस?"

"आता काय, रजाच लावलीय."

"थांब मग. मी पण लावते."

मी घरी पोहोचलो आणि थोड्या वेळाने तीही आली. दारात किल्ली द्यायला माझा हात सवयीने पुढे झाला, तिचाही झाला, आणि किल्लीचं काय करायचं हे दोघांनाही कळेना. काकांनी बाकीच्या तिघांना आपल्याकडे नेलं. बुधवार माझा आहे, असं म्हणाले.

वकिलाने आधी आमच्या तोंडाकडे बघितलं. अट शुक्रवारची होती, हे तिने लगेच नोंदवलं. मग थोडा विचार करून बुधवार चालेल म्हणाली. तिने आम्हाला दिवाणावर शेजारी शेजारी बसवलं, उठायचं नाही म्हणून सांगितलं, आणि आतल्या खोलीत खेळायला निघून गेली. मला वाटलं होतं ती आमच्यामध्ये बसेल, गोष्ट मागेल, निदान पत्ते आणेल. काही नाही. अधूनमधून ती दारात यायची, आधी आईकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि परत जायची. दिवाणावर आम्ही दोघं. बायकोने विचारलं, तुझे केस इकडून कधी पांढरे झाले? मी म्हटलं, मंगळवारी असतील. ती हसली आणि हसता हसता बसल्या जागी तिला झोप लागली. वकील पुन्हा दारात आली. मी तोंडावर बोट ठेवलं. तिनेही ठेवलं, आणि मोजून झाल्यासारखी मान हलवून आत गेली.

संध्याकाळी मी गप्प केलेला शाळेचा ग्रुप उघडला. शाळा सोमवारीच सुरू झाली होती.